कॅप राऊंडची यादी: इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म कसा भरावा

माझ्या बहिणीच्या मुलाला कॉम्प्युटर हवं होतं आणि पर्सेंटाइलही चांगला होता. फॉर्म भरायच्या दिवशी घरात कुणीतरी म्हणालं, "पहिल्या नंबरला मिळणारंच कॉलेज टाक, म्हणजे जागा हातची जाणार नाही." त्याने गावाजवळचं, नक्की मिळणारं कॉलेज एक नंबरला टाकलं आणि पुण्याची कॉलेजं त्याखाली. पहिल्याच राऊंडला एक नंबर मिळाला. नियमाप्रमाणे जागा तिथेच फ्रीज झाली आणि पुढच्या राऊंडचं दार बंद झालं. नंतर आम्ही कटऑफ उघडून पाहिला, तर त्याच्या यादीत पाचव्या नंबरवर असलेल्या पुण्याच्या कॉलेजात त्याच्याहून कमी पर्सेंटाइलची मुलं बसली होती. वर्षभर अभ्यास करणारा तो मुलगा एका क्रमाच्या चुकीने मागे राहिला. तेव्हापासून दर जून-जुलैत ओळखीतली मुलं यादी घेऊन माझ्याकडे येतात आणि आम्ही ती सोबत बसून बांधतो. ती कशी बांधतो, ते इथे सगळं लिहितोय.

हा लेख महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या कॅप प्रवेशाबद्दल आहे, म्हणजे एमएचटी-सीईटी देऊन राज्य सीईटी कक्षामार्फत होणाऱ्या प्रवेशाबद्दल. आयआयटी, एनआयटीची जोसा प्रक्रिया वेगळी, आणि आपले प्रवेश आपणच करणारी खासगी विद्यापीठंही वेगळी. त्यांची यादी वेगळ्या वहीत ठेवा.

जागा कशी वाटली जाते, हे आधी समजून घ्या

संगणक गुणवत्ता यादी वरून खाली वाचतो. तुमचा नंबर आला की तुमची यादी उघडतो आणि पहिल्या पर्यायात तुमच्यासाठी जागा शिल्लक आहे का, ते पाहतो. असेल तर दिली. नसेल तर दुसरा, मग तिसरा. जिथे जागा सापडते तिथे तो थांबतो.

यातून एक गोष्ट निघते आणि दहातले आठ पालक तीच विसरतात. वरच्या नंबरवर न मिळणारं कॉलेज टाकल्याने खालच्या कॉलेजातली तुमची संधी तसूभरही कमी होत नाही. तुम्ही मुंबईचं व्हीजेटीआय पहिलं टाकलंत आणि ते मिळालं नाही, तर दुसऱ्या पर्यायावर तुमचा हक्क तेवढाच राहतो, जेवढा तो पहिल्या नंबरला टाकला असता तर राहिला असता. "उगाच एक नंबर वाया गेला" असं इथे काही होत नाही. ऑप्शन फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय भरता येतात, म्हणजे नंबरांचा तुटवडाही नाही.

म्हणून यादीची कामं दोन, आणि ती वेगवेगळ्या दिवशी करा. कोणती कॉलेजं यादीत घ्यायची, हे आकड्यांवरून ठरवा. कोणत्या क्रमाने लावायची, हे फक्त आपल्या इच्छेवरून ठरवा. क्रम लावताना कटऑफ उघडा ठेवलात की भाच्यासारखी चूक होते.

घरात बसून ठरवायच्या गोष्टी

कॉलेजांची नावं काढण्याआधी एका संध्याकाळी आई, वडील आणि मुलगा किंवा मुलगी यांनी पैशाबद्दल स्पष्ट बोलून घ्यावं. फी किती झेपेल, हॉस्टेल-मेससकट वर्षाचा खर्च किती, कर्ज काढायचं की नाही. हे बोलणं टाळलं, तर ते जागा मिळाल्यावर होतं, आणि तेव्हा हातात दोन-तीनच दिवस असतात. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या वेबसाइटवर कॉलेजवार पाहता येते. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा तो आकडा वहीत लिहा.

सवलती याच वेळी तपासा. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत निम्मी शिक्षण फी माफ होते. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, याच उत्पन्नाच्या मर्यादेतल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे; तसा शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा आहे. या सवलती कॅपमधून प्रवेश घेतल्यावरच मिळतात. मॅनेजमेंट कोट्यातून तेच कॉलेज घेतलं तर मिळत नाहीत. मुलीच्या घरात हा एक मुद्दा सगळी यादी बदलू शकतो: "परवडणार नाही" म्हणून खोडलेलं कॉलेज परत येतं, आणि विचार हॉस्टेलच्या खर्चाचा आणि बाकीच्या किरकोळ शुल्काचा उरतो.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेयर, ईडब्ल्यूएस, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जे तुम्हाला लागू असेल ते निकालाआधीच काढायला टाका. वैधता वेळेत दिली नाही तर तुम्हाला खुल्या प्रवर्गात धरतात, आणि मग राखीव कटऑफवर बांधलेल्या यादीला अर्थ उरत नाही. वैधता हातात नसेल तर यादी खुल्या प्रवर्गाच्या आकड्यांवरही तपासून ठेवा.

कटऑफ वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सीईटी कक्षाच्या वेबसाइटवर मागच्या वर्षांचे कटऑफ राऊंडनिहाय पीडीएफमध्ये असतात. कोचिंगवाल्यांच्या "कॉलेज प्रेडिक्टर"वर विसंबू नका. मूळ पीडीएफ उतरवा, किमान मागच्या दोन वर्षांचे सगळे राऊंड.

कॉलेजच्या मूळ चार आकडी कोडचा पहिला आकडा (अलीकडच्या याद्यांत त्याआधी शून्य असतं) साधारणपणे विभाग सांगतो: १ अमरावती, २ छत्रपती संभाजीनगर, ३ मुंबई, ४ नागपूर, ५ नाशिक, ६ पुणे. व्हीजेटीआयचा कोड ३०१२. कोडची सवय झाली की चाळणी पटकन होते.

खाली शाखेनुसार तक्ता असतो आणि वर जी-ओपन-एच, एल-ओबीसी-ओ अशी अक्षरं. पहिलं अक्षर 'जी' म्हणजे सर्वसाधारण, 'एल' म्हणजे मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं: 'एच' म्हणजे होम युनिव्हर्सिटी, 'ओ' म्हणजे इतर विद्यापीठांतून आलेले, 'एस' म्हणजे राज्यस्तर. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत राज्याच्या जागांपैकी ७० टक्के होम युनिव्हर्सिटीच्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना जातात. काही शासकीय स्वायत्त संस्थांत सगळ्या जागा राज्यस्तरावर असतात.

तुमची होम युनिव्हर्सिटी कोणती? दहावी-बारावी महाराष्ट्रातच झाली असेल, तर बारावीचं कॉलेज ज्या विद्यापीठाच्या हद्दीत, ती. घर कुठे आहे, याचा इथे संबंध नाही. सोलापूरचा मुलगा अकरावी-बारावीला लातूरला गेला असेल तर त्याची होम युनिव्हर्सिटी नांदेडची. पुष्कळ जणांना हे फॉर्म भरताना पहिल्यांदा कळतं.

गेल्या वर्षी कराडची एक मुलगी आली होती. ओबीसी, वडिलांचं किराणा दुकान. डोक्यात फक्त पुणे. तिने मोबाइलवर पुण्याच्या कॉलेजांचे कटऑफ पाहून सुंदर यादी केली होती, पण सगळे आकडे 'एच'च्या रकान्यातले. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे जिल्हे शिवाजी विद्यापीठात येतात. पुण्याच्या कॉलेजांत ती 'ओ'. आम्ही ओळ न् ओळ पुन्हा लिहिली. काही ठिकाणी 'ओ'चा आकडा बराच वर गेला, काही ठिकाणी जवळपास तोच निघाला. दुसरीकडे सांगली-कोल्हापूरच्या ज्या कॉलेजांकडे तिने पाहिलंच नव्हतं, तिथे तिचा 'एच'चा हक्क होता. तिच्यासाठी प्रत्येक शाखेचे चार रकाने पाहायचे होते: जी-ओपन, एल-ओपन, जी-ओबीसी आणि एल-ओबीसी. चारपैकी ज्यात सगळ्यात सैल आकडा, तो तिचा आकडा. आरक्षित मुलं अनेकदा फक्त आपल्या प्रवर्गाचा रकाना पाहतात, मुली फक्त 'एल'चा. दोन्ही अपुरं.

अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांत ५१ टक्के जागा त्या समाजाच्या मुलांसाठी असतात. मुंबईतलं डी. जे. संघवी गुजराती भाषिक, थडोमल शहानी आणि विवेकानंद एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज सिंधी भाषिक. त्यामुळे इतरांना उरणाऱ्या जागा थोड्या आणि त्यांचा आकडा कडक.

शिक्षण शुल्क माफी योजना, म्हणजे टीएफडब्ल्यूएस, हा प्रत्येक शाखेचा वेगळा पर्याय असतो आणि त्याच्या कोडच्या शेवटी 'टी' येतो. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर या जागांसाठी पात्र ठरता. जागा थोड्या, कटऑफ नेहमीच्या शाखेपेक्षा वर. हा पर्याय आपोआप धरला जात नाही, यादीत स्वतः टाकावा लागतो.

आता पर्सेंटाइल की मेरिट नंबर? पीडीएफमध्ये दोन्ही असतात. मेरिट नंबर, म्हणजे गुणवत्ता यादीतला क्रमांक, पाहा. समजा ४ लाख मुलांनी परीक्षा दिली, तर एक पर्सेंटाइल म्हणजे ४,००० मुलं. ९२ आणि ९२.५ मध्ये २,००० मुलं उभी असतात. परीक्षा देणाऱ्यांची संख्या वाढली की तोच पर्सेंटाइल तुम्हाला मागच्या वर्षीपेक्षा खालच्या नंबरवर नेतो, जागा मात्र त्या प्रमाणात वाढतातच असं नाही. "मागच्या वर्षी ९४ ला मिळालं होतं" या वाक्याला म्हणून फारसा अर्थ नसतो.

आणखी एक नजर जागांच्या संख्येवर टाका. एका शाखेतल्या प्रवेशसंख्येवरची कमाल मर्यादा एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०२४-२५ पासून काढली. काही कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या आणि त्याच्या भावकीतल्या शाखांच्या जागा बऱ्याच वाढवल्या. जिथे १२० च्या २४० होतात, तिथे जुना कटऑफ तुमच्या बाजूने सैल होतो. पण तेवढ्या मुलांना शिकवायला माणसं आणली का, हे विचारल्याशिवाय खूश होऊ नका.

तीन थर

वहीत प्रत्येक ओळीला कॉलेज, शाखा, कोड, तुम्हाला लागू रकाना, दोन वर्षांचे पहिल्या आणि शेवटच्या राऊंडचे बंद झालेले मेरिट नंबर, फी आणि घरापासूनचं अंतर लिहा. पहिल्या फेरीत साठ-सत्तर ओळी होऊ द्या. मग थर पाडा.

माझा ढोबळ हिशोब सांगतो. समजा तुमचा मेरिट नंबर ३०,००० आहे. २७,००० ते ३४,००० दरम्यान बंद झालेल्या जागा आवाक्यातल्या. त्याच्या वर, १५,००० पर्यंत, उंच उडीच्या. ३४,००० च्या पुढच्या हुकमी. उंच उडीची जागा तपासताना शेवटच्या राऊंडचा आकडा बघा, कारण मुलं जोसाकडे आणि इतरत्र गेली की जागा सुटतात. हुकमी तपासताना मात्र पहिल्या राऊंडचाच आकडा धरा आणि दोन्ही वर्षांचा. शेवटच्या राऊंडचा आकडा कधीकधी एखाद-दुसऱ्या मुलाचाच असतो. त्यावर घर बांधू नका.

हुकमी थरावर लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात, मी सगळ्यात जास्त घालवतो. हुकमी कॉलेज म्हणजे नुसतं मिळणारं नाही. जिथे चार वर्षं जायला मुलाची खरी तयारी आहे आणि ज्याची फी आत्ता, कर्जाशिवाय किंवा ठरवलेल्या कर्जात भरता येते, तेच हुकमी. "तिथे गेलो तर ड्रॉप घेईन" असं मूल म्हणत असेल, तर तो पर्याय खोडा आणि दुसरा शोधा. पुण्या-मुंबईबाहेर नजर टाकली की इथे चांगल्या जागा सापडतात. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं अमरावती, संभाजीनगर, कराड, जळगाव, चंद्रपूर, अवसरी अशी राज्यभर आहेत. नांदेडचं श्री गुरु गोबिंदसिंगजी आहे, सांगलीचं वालचंद आहे. यांतल्या काही शाखा कुणासाठी उंच, कुणासाठी आवाक्यातल्या, कुणासाठी हुकमी ठरतात. नाव ऐकून थर ठरवू नका, आकडा बघा.

शेवटी किती पर्याय? बहुतेकांसाठी ४० ते ८०. एका मुलाने ११ भरले होते, सगळे एकाच शहरातले, एकाच शाखेचे. पहिल्या राऊंडला काहीच हाती आलं नाही, आणि त्या आठवड्यात त्याच्या घरात कुणी धड जेवलं नाही. थर नीट असते तर ती वेळ आली नसती.

शाखा की कॉलेज

या प्रश्नाला सगळ्यांना चालेल असं उत्तर नाही. मी मुलाला जोड्या विचारतो. "चांगल्या कॉलेजात मेकॅनिकल की मध्यम कॉलेजात कॉम्प्युटर? सिव्हिल सरकारी की एआय खासगी?" दहा-बारा जोड्या झाल्या की त्याचा कल त्यालाच दिसतो. विचारताना आई-वडिलांनी दुसऱ्या खोलीत बसावं, ही माझी अट असते.

'एआय अँड डेटा सायन्स', 'कॉम्प्युटर सायन्स (एआय-एमएल)' अशा नावांत अडकू नका. अभ्यासक्रम उघडा, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे विषय साध्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगशी शेजारी ठेवून वाचा. अनेकदा फरक चार-पाच विषयांचा असतो. मग ज्याचा कटऑफ सैल, ती शाखा कमी समजायचं कारण उरत नाही.

कॉलेज बघून या

फ्लेक्सवरचं सर्वोच्च पॅकेज एका मुलाचं असतं. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना तिथे दिलेली माहिती आपल्या वेबसाइटवरही ठेवावी लागते. त्यात किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली आणि मधला पगार किती, हे असतं. मधला पगार म्हणजे शंभर जण पगाराच्या क्रमाने उभे केले तर पन्नासाव्याचा. तो आकडा बघा.

वरच्या दहा-बारा आणि हुकमी दोन-तीन कॉलेजांना शक्य असेल तर प्रत्यक्ष जा, कामाच्या दिवशी, दुपारी. ऑफिसात गेलात तर माहितीपुस्तिका हातात पडेल. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर दुसऱ्या वर्षाची मुलं भेटतात. त्यांना विचारा: मागच्या सत्रात गणिताला सर पूर्ण वेळ होते का? प्रॅक्टिकलला एका मशीनवर किती जण बसता? पहिल्या वर्षाच्या किती मुलींना हॉस्टेल मिळालं? बाकीच्या कुठे राहतात, किती भाड्याने? स्टँडकडे जाणारी शेवटची बस किती वाजता? कराडच्या त्या मुलीने एका कॉलेजबाहेर हेच प्रश्न विचारले आणि यादीतलं चौथं कॉलेज सतराव्यावर गेलं, कारण तिथल्या पहिल्या वर्षाच्या मुलींना दोन-अडीच किलोमीटरवर खोल्या शोधाव्या लागत होत्या.

क्रम लावण्याचा दिवस

कटऑफचे कागद आता कपाटात ठेवा. प्रत्येक पर्याय छोट्या चिठ्ठीवर लिहा आणि टेबलावर मांडा. दोन-दोन चिठ्ठ्या उचला आणि एकच प्रश्न विचारा: दोन्ही आज हातात आल्या तर कोणती घेशील? घेशील ती वर. सगळ्या चिठ्ठ्या अशा लागल्या की ती तुमची यादी. तिच्यात उंच उडीखाली आवाक्यातली, त्याखाली परत एखादी उंच उडीची असं झालं तरी चालेल. टीएफडब्ल्यूएसचा पर्याय त्याच शाखेच्या नेहमीच्या पर्यायाच्या लगेच वर लावा.

मग फ्रीजचा नियम लक्षात घेऊन वरच्या चिठ्ठ्या पुन्हा तपासा. २०२५-२६ मध्ये चार राऊंड होते. पहिल्या राऊंडला पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागत होता. दुसऱ्याला पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहांपैकी मिळालेला. चौथ्यात जे मिळेल ते. नियम वर्षागणिक बदलतात, त्यामुळे तुमच्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. पण वरच्या सहा चिठ्ठ्यांतलं कुठलंही कॉलेज मिळाल्याचा मेसेज आला तर घरात आनंद होईल का, हा प्रश्न कुठल्याही वर्षी विचारावा.

फॉर्म भरताना एक जण वहीतला कोड मोठ्याने वाचेल आणि दुसरा स्क्रीनवर नाव आणि शाखा वाचून दाखवेल. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. भरून झाल्यावर प्रिंट काढा, एक रात्र जाऊ द्या, सकाळी पुन्हा वाचा आणि मगच कन्फर्म करा. कन्फर्म न केलेला फॉर्म धरला जात नाही, आणि केलेला त्या राऊंडपुरता बदलता येत नाही. पासवर्ड आणि ओटीपी येणारा मोबाइल घरातल्याच माणसाकडे हवा, कॅफेवाल्याकडे नको.

जागा मिळाल्यावर

जागा मिळाली पण मनासारखी नाही, तर ती स्वीकारून बेटरमेंटसाठी, म्हणजे आणखी चांगल्या जागेसाठी, पुढच्या राऊंडला जाता येतं. मुदतीत स्वीकारलीच नाही तर ती हातची जाते, म्हणून निकालाच्या रात्रीच लॉगिन करून तारीख पाहून घ्या.

पुढच्या राऊंडला नवी यादी भरता येते, आणि इथे जुनी यादी जशीच्या तशी टाकणं धोक्याचं. नव्या राऊंडला काही मिळालं की आधीची जागा आपोआप सुटते. म्हणून हातातल्या जागेपेक्षा जे खरोखर जास्त हवं, तेवढंच नव्या यादीत ठेवा; बाकी सगळं खोडा. कराडच्या मुलीला पहिल्या राऊंडला तिच्या यादीतलं नववं मिळालं होतं, सांगलीकडचं, 'एच'च्या जागेवर. दुसऱ्या राऊंडसाठी तिच्याकडे वरच्या आठ चिठ्ठ्या होत्या. दोन-दोन करत ती पुन्हा बसली, तेव्हा त्यातल्या तीन तिने स्वतःच काढून टाकल्या. सांगली तिला त्यांच्यापेक्षा बरं वाटू लागलं होतं. तिने पाचच पर्याय भरले आणि कन्फर्म केलं.